फ्लोराइड ओळखणारी पट्टी तयार करताना

पिण्याच्या पाण्यात उतरणाऱ्या विषारी आयनांपैकी फ्लोराइडला ना रंग असतो, ना वास, ना चव. लोह जास्त असले की भांड्यावर तांबूस डाग पडतो आणि क्षार वाढले की जिभेला कळते. फ्लोराइडचा पत्ता मात्र मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे उमटल्यावरच लागतो, आणि तोवर ते पाणी वर्षानुवर्षे पोटात गेलेले असते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्याच्या वर आधी दात बिघडतात आणि प्रमाण बरेच वाढलेले असेल तर पुढे हाडे व सांधे आखडत जातात. या हाडांच्या विकाराची भारतातली पहिली नोंद १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली.

नागपूर शहराचे पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. हे जमिनीवरचे पाणी असल्यामुळे त्यात फ्लोराइडची फारशी धास्ती नसते. शहर मागे टाकून चंद्रपूर किंवा यवतमाळच्या बाजूला गेले, की बोअरच्या पाण्यावर विसंबून असलेली अनेक गावे लागतात आणि त्यांतल्या काही गावांत हा प्रश्न जुना आहे. फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशा खनिजांतून फ्लोराइड भूजलात झिरपत राहते, त्यामुळे एकाच गावातला एक हातपंप चांगला आणि दुसरा वाईट, असे सहज घडते. म्हणूनच गावाचे पाणी एकदा तपासून भागत नाही. प्रत्येक हातपंप वेगळा तपासावा लागतो. नागपुरातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात पीएच.डी.साठी नाव नोंदवताना मी रासायनिक संवेदक हा विषय घेतला, तो याच कारणासाठी. हातपंपापाशी उभे राहून, वीज आणि यंत्र यांच्याशिवाय, पाण्यातले फ्लोराइड मर्यादेच्या खाली आहे की वर, एवढे सांगणारे काहीतरी मला तयार करायचे होते.

रासायनिक संवेदकाचे काम समजायला अवघड नाही. रेणूचा एक भाग नेमक्या आयनाला पकडतो आणि दुसरा भाग ही पकड झाल्याची खूण रंग किंवा प्रकाश बदलून देतो. १८६७ मध्ये गॉपेल्सरोडर यांनी मोरिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्याचा ॲल्युमिनियमशी संयोग झाला की ते चमकू लागते हे दाखवले, तेव्हापासून या क्षेत्राचा इतिहास सांगितला जातो. १९९७ मध्ये चार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होडामाइन-बी या रंगद्रव्यापासून बनवलेला रंगहीन रेणू तांब्याच्या आयनामुळे गुलाबी होतो हे मांडले. त्याच धर्तीवर पारा, लोह, क्रोमियम यांच्यासाठी पुढे असंख्य रेणू तयार झाले. आमच्या प्रयोगशाळेतही माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी पाऱ्यासाठी असाच रेणू घडवत होता, आणि त्याच्या बाटल्यांतला गुलाबी रंग पाहून फ्लोराइडचे कामही याच वाटेने होईल, असे सगळ्यांनाच वाटत होते.

माझा पहिला रेणू हायड्रॅझोन प्रकारचा होता. सॅलिसिलाल्डिहाइड आणि डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन ही दोन द्रव्ये इथेनॉलमध्ये घेऊन त्यात आम्लाचे काही थेंब टाकले की फार वाट पाहावी लागत नाही. नारिंगी-तांबडा साका लगेच खाली बसू लागतो. यातले दुसरे द्रव्य पूर्ण कोरडे झाले तर स्फोटक असते, म्हणून ते बाटलीत पाण्याने ओलसर ठेवलेलेच विकत मिळते, आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ते हाताळायला शिकवताना बाटलीच्या झाकणाच्या आट्यांवर सुकलेला कणही राहू देऊ नये, हे मला स्वतः पुसून दाखवले होते. साका गाळायचा, थंड इथेनॉलने धुवायचा, पुन्हा स्फटिक पाडायचे, द्रव्य शुद्ध आहे का हे कळण्यासाठी टीएलसीच्या पट्टीवर एकच ठिपका येतो का ते पाहायचे, मग रेणूची रचना तपासणाऱ्या आयआर आणि एनएमआर या चाचण्यांसाठी नमुना पाठवायचा. हा भाग कष्टाचा असला तरी ठरलेल्या चाकोरीतला आहे, म्हणून त्याविषयी जास्त लिहीत नाही.

डीएमएसओ या द्रावकात विरघळवल्यावर हा रेणू पिवळा दिसतो. त्यात टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड या फ्लोराइडच्या क्षाराच्या द्रावणाचा एक थेंब पडला आणि सगळी बाटली क्षणात गर्द जांभळी झाली. फ्लोराइड इथे आम्लारीसारखे वागते. रेणूतल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन ते ओढून घेते आणि त्यामुळे मोकळा झालेला ऋणभार नायट्रो गटांकडे सरकला की रंग पालटतो. क्लोराइड, ब्रोमाइड, नायट्रेट यांच्या बाटल्या शेजारी पिवळ्याच राहिल्या होत्या. मी ती रांग उत्साहाने मॅडमना दाखवली. त्यांनी सगळ्या बाटल्या उजेडाकडे धरून नीट पाहिल्या आणि म्हणाल्या, “रंग छान आला आहे. आता यात नळाचं पाणी घाल आणि काय राहतं ते मला दाखव.”

काहीच राहिले नाही. पाण्याचे मोजके थेंब पडताच जांभळा रंग फिकट होत गेला आणि बाटली पुन्हा पिवळी झाली. याचे कारण फ्लोराइडच्या स्वभावातच आहे. हा आयन आकाराने फार लहान आहे, त्यामुळे त्याच्यावरचा ऋणभार दाटीने एकवटलेला असतो आणि पाण्याचे रेणू त्याला हायड्रोजन बंधांनी घट्ट वेढून टाकतात. पाण्यात असताना तो वेढा सोडून माझ्या रेणूचा हायड्रोजन ओढायला तो जातच नाही. ज्या पाण्यात तो शोधायचा, तेच पाणी त्याला माझ्या रेणूपासून झाकून ठेवत होते. कोरड्या सेंद्रिय द्रावकात फ्लोराइड ओळखणारे रेणू शोधनिबंधांतून खूप आहेत आणि त्यांतून रसायनशास्त्र पुष्कळ शिकायला मिळते. परंतु अशा रेणूला पाण्यातल्या फ्लोराइडचा संवेदक म्हणणे मला तेव्हापासून पटत नाही. शिवाय ॲसिटेटनेही माझा रेणू जांभळाच होत होता. कोणताही पुरेसा समर्थ आम्लारी तेच करील.

याच काळात आणखी एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. संवेदकाचे मोल ठरवताना, तो कमीत कमी किती प्रमाण ओळखू शकतो, हा आकडा सर्वांत आधी विचारला जातो. कोऱ्या, म्हणजे तो आयन नसलेल्या, द्रावणाच्या वाचनांतील प्रमाण विचलनाची तिप्पट करून तिला आलेखाच्या चढाने भागायचे, की तो मिळतो. पाऱ्यासाठी हा प्रश्न योग्यच आहे, कारण पाण्यातल्या पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ नॅनोमोल आहे आणि तिथवर पोहोचलाच नाही तर तो संवेदक उपयोगाचा नाही. फ्लोराइडची १ मिलिग्रॅमची मर्यादा मात्र सुमारे ५३ मायक्रोमोल होते, म्हणजे दहा हजार पटींनी मोठी. इथे अतिसूक्ष्म प्रमाण ओळखण्याला फारसा अर्थ नाही. ०.८ आणि १.२ यांतला फरक खात्रीने सांगता येणे, तोही खाऱ्या, जड, गढूळ अशा कुठल्याही पाण्यात सांगता येणे, हे खरे काम आहे. हे लक्षात आल्यावर नवा रेणू घडवण्यापेक्षा पाण्यात टिकणारी जुनी रसायनक्रिया कागदाच्या पट्टीवर आणण्याकडे मी वळले.

ती रसायनक्रिया झिरकोनियमची. झिरकोनियमचा चार धनभारांचा आयन आणि फ्लोराइड यांची ओढ इतकी जबर आहे की भोवतालचे पाणी तिला आडवे येऊ शकत नाही. झिरकोनियमला आधी एखाद्या रंगद्रव्याशी बांधून ठेवायचे. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते झिरकोनियमला त्या रंगद्रव्यापासून तोडून स्वतःकडे घेते आणि रंग बदलतो. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी स्पॅडन्स पद्धत याच तत्त्वावर चालते. त्या पद्धतीत नळाच्या पाण्यातला क्लोरीन रंग खाऊन टाकू नये म्हणून आधी सोडियम आर्सेनाइट घालतात. एक विष मोजण्यासाठी दुसरे विष हाताळणे प्रयोगशाळेत चालून जाते, गावात ते नेणे मला मान्य नव्हते. हातपंपाच्या पाण्यात एरवी क्लोरीन नसतो, त्यामुळे ती अडचण आपोआप टळली. रंगद्रव्य म्हणून मी झायलेनॉल ऑरेंज निवडले, कारण आम्लात ते एकटे असताना पिवळे असते आणि झिरकोनियमशी बांधलेले असताना गुलाबी-लाल. गडद लाल फिकट लाल होण्यापेक्षा लालाचे पिवळे होणे डोळ्यांना सहज कळते.

पट्टी खरे सांगते की नाही हे ठरवायला तुलनेसाठी भरवशाचे मोजमाप लागते, आणि फ्लोराइडसाठी ते म्हणजे फ्लोराइड-निवडक इलेक्ट्रोड. १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी तो पुढे आणला. लँथनम फ्लोराइडच्या स्फटिकात युरोपियम मिसळून केलेली एक लहानशी चकती त्याच्या टोकाला असते आणि तिच्यातून केवळ फ्लोराइडचे आयन सरकू शकतात. फ्लोराइड दहापट झाले की २५ अंशाला वाचन सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरते. हा ५९ चा आकडा तापमानावर ठरतो आणि नागपुरात त्याचा विसर पडू देऊन चालत नाही. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी पारा ४० च्या घरात जातो, तेव्हा तोच चढ ६२ च्या पुढे असतो. म्हणून उन्हाळ्यात इलेक्ट्रोडची सगळी कामे मी सकाळी लवकर उरकत असे, आणि प्रमाण द्रावणे व नमुने रात्रभर शेजारी शेजारी ठेवून एकाच तापमानाला आणत असे.

प्रमाण द्रावण बनवण्याची कृती सोपी आहे, पण तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. भट्टीत वाळवलेले सोडियम फ्लोराइड ०.२२१ ग्रॅम घेऊन त्याचे १ लिटर द्रावण केले की त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम फ्लोराइड होते. त्यातून हवी ती पातळ द्रावणे करायची. ती काचेत न ठेवता प्लास्टिकच्या बाटल्यांत ठेवायची, कारण आम्लयुक्त फ्लोराइड काचेशी क्रिया करते. मोजताना प्रत्येक द्रावणात तितकेच टायसॅब नावाचे मिश्रण घालायचे. त्यामुळे आम्लता (पीएच) पाच ते साडेपाचच्या दरम्यान स्थिर राहते आणि लोह किंवा ॲल्युमिनियमने धरून ठेवलेले फ्लोराइड मोकळे होते. या शेवटच्या गुणाने मला पुढे एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली.

कागदाचे काम सर्वांत नाजूक निघाले. व्हॉटमन क्रमांक १ चा गाळणकागद झिरकोनियम आणि रंगद्रव्याच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवला की एकसारखी गुलाबी पट्टी मिळते. तिच्यावर फ्लोराइडयुक्त पाण्याचा थेंब टाकला की थेंब पसरतो, सुटलेले रंगद्रव्य पाण्यासोबत बाहेर वाहत जाते, आणि टेबलावरून चहाचा कप उचलल्यावर मागे राहणाऱ्या वर्तुळासारखे एक कडे तयार होते. मध्ये पांढरट, मग पिवळे, कडेला गुलाबी. अशा ठिपक्याचा रंग नेमका कोणता म्हणायचा? यावर उपाय म्हणून कागदावर मेणाच्या खडूने लहान वर्तुळे काढली आणि उलट बाजूने गरम इस्त्री फिरवली. मेण वितळून कागदाच्या जाडीत आरपार उतरले आणि प्रत्येक वर्तुळाभोवती पाण्याला न ओलांडता येणारी भिंत तयार झाली. मग ठरलेल्या मापाचा थेंब त्या भिंतीच्या आतच थांबू लागला आणि रंग सलग येऊ लागला. इस्त्री किती वेळ टेकवायची हे हाताला जमेपर्यंत बरेच कागद वाया गेले. मेण कमी तापले तर भिंत गळते आणि जास्त तापले तर वर्तुळच बुजून जाते.

प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात फ्लोराइड मिसळून केलेल्या द्रावणांवर पट्टी उत्तम चालली. वरोऱ्याकडच्या एका गावातून आणलेल्या पाण्यावर मात्र तिने भलतेच सांगितले. इलेक्ट्रोड ज्या नमुन्यात मर्यादेपेक्षा बरेच जास्त फ्लोराइड दाखवत होता, त्यावर पट्टीचा रंग कोणत्याच प्रमाण ठिपक्याशी जुळेना. तो मळकट जांभळट दिसे. उत्तर भूजलाच्या रसायनशास्त्रात होते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम फ्लोराइड खाली बसते आणि फ्लोराइड फार वाढू शकत नाही. म्हणून जिथे फ्लोराइड जास्त, तिथे बहुधा कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असते. बायकार्बोनेट आम्लाला मारते. माझ्या कागदात मुरलेले थोडेसे आम्ल हे पाणी एका थेंबात संपवून टाकत होते, आणि आम्ल गेले की रंगद्रव्य स्वतःच वेगळ्या रंगाचे होते. स्पॅडन्स पद्धतीतले आम्ल इतके तीव्र असते की तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. कागदाच्या पट्टीला मात्र तो नेमका अशाच पाण्यात गाठतो, जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे.

पाणी मऊ असण्याचा दुसरा अर्थ मला त्या गावातल्या एका आजींनी सांगितला. हातपंपाजवळ बाटल्या भरत असताना त्या जवळ येऊन म्हणाल्या, “ह्याच पान्यात डाळ चांगली शिजते, पोरी. तिकडल्या विहिरीच्या पान्यात शिजतच नाही.” त्यांचे निरीक्षण अगदी खरे होते. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणालाही फेस चांगला येतो, आणि त्यामुळे घरोघरी हेच पाणी आवडीने भरले जाते. स्वयंपाकाला चांगले ते प्यायलाही चांगले, असा समज होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अशा ठिकाणी जिभेवर आणि अनुभवावर विसंबता येत नाही, आणि डोळ्यांना दिसेल अशी खूण हवी असते.

आम्लाचा प्रश्न सोडवताना प्रथम कागदातच घन आम्ल मुरवता येईल का, हे पाहिले. सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ले सहज मिळतात, पण ती स्वतःच झिरकोनियमला पकडतात आणि फ्लोराइड नसतानाही पट्टी पिवळी करतात. शेवटी लहान खूण केलेल्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे ठरावीक थेंब टाकायचे, बुडबुडे थांबेपर्यंत हलवायचे आणि मग त्यातला एक थेंब पट्टीवर ठेवायचा, अशी पद्धत ठरवली. कृतीत एक पायरी वाढली, पण निकालाचा भरवसा वाढला. त्यानंतर त्याच गावाच्या नमुन्यांवर पट्टी आणि इलेक्ट्रोड यांचे जुळू लागले.

गावात प्रत्यक्ष पट्टी वापरून पाहण्याचा दिवस मला फार मोलाचा वाटतो, कारण त्या दिवशी पट्टी वाचणारी मी नव्हते. गावच्या आशाताईंच्या हाती नळी, थेंबाची बाटली आणि रंगांचे तुलनापत्रक दिले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे नीट केले आणि ठिपका माझ्यापुढे धरला. “म्याडम, हे गुलाबी हाय का पिवळं? मले तं दोन्ही दिसून राहिलं.” आम्ही शाळेच्या टिनाच्या शेडखाली होतो आणि तिथला उजेड निळसर होता. बाहेर उन्हात तोच ठिपका स्पष्ट नारिंगी दिसला. रंगाच्या नावावर अवलंबून राहणेच चुकीचे आहे, हे त्यांच्या प्रश्नामुळे माझ्या लक्षात आले. त्यानंतर प्रत्येक पट्टीवर तीन वर्तुळे ठेवली. मधल्या वर्तुळात नमुना, एका बाजूला फ्लोराइड नसलेले पाणी, दुसऱ्या बाजूला १.५ मिलिग्रॅमचे प्रमाण द्रावण. आता कोणता रंग आहे हे सांगायची गरज नाही; मधला ठिपका कोणत्या शेजाऱ्याच्या जवळचा आहे, एवढेच पाहायचे. शेड असो वा ऊन, तिन्ही ठिपक्यांवर उजेड सारखाच पडतो.

लोकांचे प्रश्न नेमके होते. एका काकांनी विचारले, “उकळून प्यालं तं चालन का?” चालत नाही, हे त्यांना समजावून सांगितले. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड उडून जात नाही. पाण्याची वाफ गेली की उरलेल्या पाण्यात ते उलट जास्त दाट होते. भात आणि वरण शिजवताना मुरलेल्या पाण्याबरोबर ते ताटातही येते, म्हणून फक्त प्यायचे पाणी बदलून स्वयंपाक त्याच पाण्यात करत राहिले तर अर्धेच काम होते.

एका घरी तुरटी आणि चुना घालून पाणी निवळण्याची रीत चालू होती. ही नलगोंडा पद्धत नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या नीरीने, विकसित केली आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमपासून तयार झालेला साका फ्लोराइडला घेऊन खाली बसतो. त्या घरच्या निवळलेल्या पाण्याची पट्टी अगदी लाल राहिली आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे खुलले. नागपूरला परतल्यावर त्याच पाण्यात टायसॅब घालून इलेक्ट्रोड बुडवला, तेव्हा फ्लोराइड कमी झाले होते हे खरे, पण पट्टीने दाखवले होते तितके कमी झालेले नव्हते. निवळलेल्या पाण्यात थोडे ॲल्युमिनियम विरघळून राहते आणि ते उरलेल्या फ्लोराइडला धरून ठेवते. असे धरलेले फ्लोराइड झिरकोनियमला मिळत नाही. टायसॅब मात्र ॲल्युमिनियमला स्वतःकडे घेऊन फ्लोराइड सोडवते. स्पॅडन्स पद्धतीतही लिटरमागे अवघे ०.१ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असले तरी वाचन तितक्याच प्रमाणात कमी येते, हे पुस्तकात वाचलेले होते; एका कुटुंबाच्या माठातल्या पाण्यात ते पाहणे वेगळे होते. मी त्या घरी पुन्हा जाऊन खरे वाचन सांगितले आणि तुरटीचे माप व ढवळण्याचा वेळ त्यांच्यासोबत नीट बसवून घेतला. पट्टीच्या पाकिटावर आता ठळक अक्षरांत लिहिले आहे की ती फक्त मूळ स्रोताच्या पाण्यासाठी आहे, तुरटीने निवळलेल्या पाण्यासाठी नाही. जो संवेदक चुकून दिलासा देतो, तो नसलेल्या संवेदकापेक्षा घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

अन्नपदार्थांकडे वळल्यावर पट्टीची मर्यादा आणखी स्पष्ट झाली. चहाचे झाड जमिनीतून फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम दोन्ही शोषून पानांत साठवते, आणि कोऱ्या चहात लिटरमागे १ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड सहज उतरते, मग पाणी कितीही चांगले असो. पण चहाचा स्वतःचा रंग पट्टीचा रंग झाकून टाकतो आणि त्यातले ॲल्युमिनियम फ्लोराइडला लपवते. दोन्ही बाजूंनी पट्टी अपुरी पडते. तिथे इलेक्ट्रोडच लागतो. धान्य आणि भाजीचा मार्ग त्याहून लांबचा आहे. नुसते जाळून राख केली तर फ्लोराइड उडून जाऊ शकते, म्हणून वाळवून दळलेला नमुना निकेलच्या मुशीत सोडियम हायड्रॉक्साइडसोबत भट्टीत वितळवायचा, मग पाण्यात घेऊन आम्लता जुळवून मोजायचा. गावात चहा दिवसातून अनेकदा होतो आणि तो त्याच हातपंपाच्या पाण्यात होतो, त्यामुळे पाण्यातले आणि पानांतले फ्लोराइड एकाच कपात एकत्र येते. केवळ पाण्याची मर्यादा पाहून माणसाच्या पोटात एकूण किती गेले हे कळत नाही, म्हणून प्रबंधात चहासाठी मी स्वतंत्र प्रकरण ठेवले.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपक्यांचा फोटो काढून रंग आकड्यांत मोजण्याचाही प्रयोग केला. प्रत्येक फोन पांढरा रंग आपल्या पद्धतीने ठरवतो, त्यामुळे एका फोनचा आकडा दुसऱ्या फोनला चालत नाही. पण त्याच फोटोत शेजारचे दोन प्रमाण ठिपके असले की तिघांचे गुणोत्तर काढता येते आणि फोनचा फरक बराचसा निघून जातो. आशाताईंना हे फोटो पाठवणे सोयीचे वाटले, कारण शंका आली की त्या फोटो पाठवतात आणि मी तो नमुना इलेक्ट्रोडवर मोजण्यासाठी मागवून घेते.

सध्या मी पट्टीच्या टिकाऊपणावर काम करते आहे. विदर्भाच्या पावसाळ्यात दमट हवेने कागद ओला होतो आणि रंग कडेकडे सरकतो. सिलिका जेलची पुडी घालून बंद केलेल्या पाकिटात पट्ट्या पावसाळाभर चांगल्या राहिल्या, उघड्या डब्यात मात्र राहिल्या नाहीत. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पाकिटांतल्या पट्ट्या फिकट पडल्या, म्हणून उष्णतेची चाचणी वेगळी लावली आहे. दर पाकिटासोबत प्रमाण द्रावणाची एक छोटी प्लास्टिकची बाटली दिली जाते, आणि तिच्या थेंबाने ठरलेला रंग आला नाही तर ती पट्टी टाकून द्यायची, असे आशाताईंच्या वहीत पहिल्याच ओळीवर लिहून दिले आहे.